दाराशी ठेवलेला दगड

पांढुर्ण्याच्या दवाखान्यातल्या सुमन सिस्टर गेल्याचा फोन त्यांच्या भाच्यानं केला. शेवटच्या दिवसांत त्या कुणाला ओळखत नव्हत्या, पलंगाजवळ आलेल्या प्रत्येकाला मात्र एकच विचारायच्या, "कोनत्या बाजूनं होता?" भाच्याला त्याचा अर्थ लागला नव्हता. मला लागला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. त्या गोटमारीच्या दिवशी दवाखान्यात फुटक्या डोक्यांची रांग लागते. जखम कशी झाली, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी मी बातमीसाठी जखमींचा आकडा घ्यायला ड्रेसिंग रूममध्ये उभा होतो. गावातला एक कापूस व्यापारी दहाएक वर्षांच्या मुलीला दंडाला धरून घेऊन आला. कपाळ फाटलेलं, फ्रॉक रक्तानं पाठीला चिकटलेला. त्याच्या घरी मूल सांभाळायला तिला डोंगराकडच्या गावातून आणलं होतं.

"गोटमारीत लागला दगड. लवकर टाके मारा सिस्टर, घरी पाव्हने बसून राह्यले."

"तुम्ही बाहेर बसा भाऊ. मागच्या साली सुई पाहून एक पहेलवान इथंच आडवा झाला होता."

तो हसत बाहेर गेला. सिस्टरनी मुलीला विचारलं, "कोनत्या बाजूनं होती वं माय? पांढुर्णा का सावरगाव?"

मुलगी गप्प... इथलं शेंबडं पोरही टाके पडताना आपली बाजू ओरडून सांगतं. सिस्टरनी फ्रॉक पाठीवर कात्रीनं सोडवला. पट्ट्याच्या बकलाचे वळ होते. काही पिवळे पडलेले, काही ताजे. तळहातावर उलथन्याचा चटका. त्या माणसानं दिवस हेरून निवडला होता.

सिस्टरनी आतून कडी घातली. "वार्ताहर, आकडे मंग. पोलिसांना फोन लावा."

बाहेर त्याला उमगलं. आधी लाथा, मग शिव्या, मग खिडकीची काच फोडून दगड आत आला आणि सिस्टरच्या भुवईवर बसला. हाड दिसत होतं. "पोरगी माह्या घरची आहे!" तो ओरडत होता. भुवईवर कापूस दाबून सिस्टर मुलीच्या आणि खिडकीच्या मधे उभ्या राहिल्या. पोलीस येईपर्यंत कडी निघाली नाही. मुलगी त्या घरी परत गेली नाही. आधी बालगृहात राहिली, मग आईकडे.

दगड सिस्टरनी ठेवून घेतला, उघडं दार अडवायला.

यंदाच्या गोटमारीला मी दवाखान्यात गेलो. दगड जागेवर होता. एक माणूस मुलाला घेऊन आला. नव्या सिस्टरनी त्याला बाहेर बसवलं, पायानं दगड सारला, दार लोटलं. आतून तोच प्रश्न ऐकू आला. उत्तर आलं नाही... मग कडी लागली.

मी खिशातून फोन काढला.