विजयमालाची कुत्र्यांची खानावळ

कुंडलमध्ये विजयमालाच्या घराला लोक ‘कुत्र्यांची खानावळ’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा तिला फारसा रागही नव्हता. कुणी लग्नाला निघालं, कुणी फौजेतल्या पोराकडं राहायला गेलं, की वस्तीवरचं राखणीचं कुत्रं साखळीसकट हिच्या दारात. बदल्यात गूळ, शेंगा, नाहीतर पेरणीला औताची मदत. नवरा आकाराम फौजेत, घरात ती एकटी. हिला माणसं कमी पडली म्हणून कुत्री पाळते, असं शेजारणी म्हणत. पाळत नव्हती, सांभाळत होती. दुसऱ्याचं जनावर होतं तसं परत द्यायचं, ही साधी गोष्ट नाही.

लग्नानंतर काही काळ ती आकारामबरोबर छावणीत राहिली होती. तिथं एका साहेबाची कुत्री सांभाळायचं काम तिला मिळालं. जनावरांचा डॉक्टर मोठा कडक. खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, थाळी काठीनं पुढं सरकवायची, चावलंच तर आधी साबण आणि भरपूर पाणी, रडायचं नंतर. हे सगळं घेऊन ती गावी आली. कुत्रं आणणाऱ्याला ती दोन गोष्टी विचारी. हे कुणाला चावलंय का, आणि ह्याला कोण चावलंय का? पहिलीला सगळेच छातीवर हात ठेवून नाही म्हणत. तिचा त्यावर काडीचा विश्वास नसे, म्हणून काठी हातातून सुटत नसे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नानासो आपलं कुत्रं घेऊन आला. हा तिचा चुलतदीर, तिच्या अडीनडीला धावणारा गावातला एकच माणूस. थोरल्या पोराचं लग्न मेढ्याला होतं, सगळं घर वऱ्हाडात निघालं होतं.

“ह्याला कोण चावलंय का, भावजी?”

“न्हाई वैनी. लय गरीब हाय. पोरागत वाढवलंय.”

भावजींनी सांगितलं म्हणजे झालं. त्या कुत्र्यासाठी तिनं काठी उचललीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात भाकरी ठेवत असताना त्यानं तिच्या मनगटाचा लचका तोडला. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. आल्यापासून त्याचा आवाज बसलेला होता आणि पाण्याला त्यानं तोंड लावलं नव्हतं, हे तिला तेव्हा उमगलं. गोठ्याचं दार ओढून घेऊन ती न्हाणीत गेली आणि हात धूत राहिली. शेजारची मनुबाई जखमेत भरायला चटणीपूड घेऊन धावत आली, तिला तिनं परत पाठवलं.

तोवर गल्लीतला सयाजी चार जणांना घेऊन काठ्याकुऱ्हाडीसकट दारात. चावलेलं कुत्रं ठेचायचं, ही गावाची रीत. विजयमाला गोठ्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

“आवं, पिसाळलं आसंल तर?” सयाजी म्हणाला.

“म्हनून तर मारू नगंस. ते जगतंय का मरतंय, त्यावर माझं जगनं-मरनं कळनार हाय. तुमी ठेचल्यावर मला कोण सांगनार?”

सयाजीनं कुऱ्हाड खाली टेकवली. तिनं गोठ्याला कुलूप लावलं, खिडकीतूनच बघायचं असं मनुबाईला बजावलं आणि सांगलीची एसटी धरली. दवाखान्यात पोटात सुई टोचली. डॉक्टरांनी विचारलं, कुत्र्याला आधी दुसरं जनावर चावलं होतं का? मालक नाही म्हणाला, असं तिनं सांगितलं. मग लक्ष ठेवा, ते ठणठणीत राहिलं तर सुया थांबवू, असं ते म्हणाले. त्या आशेवर ती घरी आली.

कुत्रं दोन दिवसांत गेलं. ती रडली. स्वतःसाठी रडली हे खरंच, पण त्या जीवासाठीही रडली. मग रोज सांगली, रोज सुई. पोट दगडासारखं झालं. त्याहून वाईट म्हणजे पाण्याचा तांब्या. तोंडाला लावला की आपला घसा आवळतोय असं तिला वाटे, आणि ती एकेक घोट मोजूनमापून गिळी.

सुया संपल्या, पावसाळाही गेला. पाणी पिताना आपण आता थांबत नाही, हे एक दिवस तिच्या लक्षात आलं. दारात पुन्हा कुत्री येऊ लागली. नानासो मात्र वऱ्हाड परतल्यापासून तिच्या गल्लीतूनही जाईना. दिवाळीत आला, तो चौकटीपाशीच उभा राहिला.

“हिवाळ्यात कोल्ह्यानं फाडलं हुतं त्याला,” तो खाली बघत म्हणाला. “सांगितलं आसतं तर तुमी ठिवून घेतलं नसतं. कुनाला तरी लगीन सोडून घरी र्‍हायला लागलं आसतं.”

इतके महिने तिनं मनात काय काय जुळवून ठेवलं होतं. त्याच्या तोंडाकडं बघितल्यावर त्यातलं एकही आठवेना.

“ठिवून घेतलं आसतं की, भावजी,” ती म्हणाली. “नुसता हात जपला आसता.”