सासूला गप्प ठेवणाऱ्या गोळ्या

किडनी बदललेल्या पेशंटच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरांचं राज्य होतं. शिकायला आलेले डॉक्टर पाठीमागे त्यांना 'हेडमास्तरीण' म्हणत आणि त्या समोर आल्या की खिशात पेन शोधत. फाइल वाचल्याशिवाय पेशंटच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. पेशंटच्या अंगावर जडजड शब्द फेकायचे नाहीत, हा दुसरा.

सुट्टीवरून परतल्या त्या सकाळी दोन नव्या डॉक्टरांना घेऊन त्या थेट चार नंबरच्या खोलीत शिरल्या. कॉटवरच्या बाईला त्यांनी आपली वीस वर्षं मुरलेली गोष्ट ऐकवली. "नवी किडनी म्हणजे घरात आलेली नवी सून, आणि तुमचं शरीर म्हणजे सासू. परकं कोणी आलं की तिचं डोकं फिरतं. या गोळ्या सासूला गप्प ठेवतात, म्हणून जन्मभर एकही चुकवायची नाही."

बाई टाक्यांवर हात दाबून हसायला लागली. "सिस्टर, किडनी माझ्या सासूबाईंनीच दिलीय."

एका डॉक्टरने फाइल उघडून सिस्टरांपुढे धरली, अगदी आदराने. सिस्टर चष्मा पुसत बसल्या.

शेजारच्या खोलीतून भिंत धरत आलेल्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. "सिस्टरांचं काही चुकलं नाही," त्या सुनेला म्हणाल्या. "आता मी तुझ्याकडे नांदायला आलेय. गोळ्या वेळेवर घे. मला माहेरी परत जायचं नाही."