शेवटच्या कागदावरच्या रिकाम्या जागा

कटिंग मशीनखाली कात्रण साचतं ना, तसे आमच्या प्रेसमधले किस्से साचतात. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा ढीग! मी परंड्यातल्या एका छोट्या प्रिंटिंग प्रेसमध्ये डिझाईनचं काम करते. बसस्टँड जवळ असल्यामुळं निम्मी गिऱ्हाईकं "कुर्डुवाडीची गाडी सुटायच्या आत द्या" म्हणून डोक्यावर उभी असतात, आणि उरलेली निम्मी गाडी चुकली म्हणून आमच्याकडं येऊन बसलेली असतात. मग किस्से होणार नाहीत तर काय होणार!

प्रेसमध्ये आम्ही चौघं. मालक राजाभाऊ, कटिंगवाले जब्बारभाई, मी आणि वसंतअण्णा. अण्णा सगळ्यात जुने. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हापासून ते या धंद्यात आहेत. पुढं कॉम्प्युटर आला तर तोही शिकले, पण स्वभाव खिळे जुळवणाऱ्याचाच राहिला. कागदावर मोहरीएवढी जागा वाकडी दिसली तरी त्यांना चैन पडत नाही.

*

शाळेची ओळखपत्रं हा अण्णांचा खास प्रांत. एका कागदावर बारा कार्डं बसतात. अण्णा एकेक नाव कॉपी करणार, एकेक फोटो चौकटीत बसवणार, आणि बसवता बसवता प्रत्येकाची चौकशी करणार.

"हे कुणाचं गं? खालच्या आळीच्या दत्तूचं दिसतंय. कान बघ की, आज्ज्यावानी!"

तीनशे वीस मुलांच्या शाळेला त्यांना चार दिवस लागायचे. तिसऱ्या दिवशी मनगट सुजायचं. मग बाम. आमच्या प्रेसमधल्या माऊसला कायम बामाचा वास यायचा, आणि त्यावर हात ठेवला की माझेही डोळे चुरचुरायचे.

एकदा म्हणाले, "पोरी, बोटं ऐकंनात आता."

ते मला लागलं. मी महिनाभर दुपारच्या सुट्टीत व्हिडिओ बघून मॅक्रो शिकले. म्हणजे कामाची पद्धत कॉम्प्युटरला एकदा शिकवून ठेवायची. मग नावांची यादी आणि फोटोंचं फोल्डर दिलं की तो आपला आपण कार्डं भरतो, बारा-बारा करून कागदावर मांडतो आणि थांबतो. आपण फक्त बटण दाबायचं.

पहिल्या दिवशी चहा मागवला, बटण दाबलं. अण्णांनी कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"आगं, चहा निवला न्हाय आन् आख्खी शाळा उरकली!"

सगळे हसले. राजाभाऊ पण हसले आणि हसता हसता म्हणाले, "मग अण्णा, आता दिवाळीनंतर घरी आराम करा. लई केलंत तुमी."

त्यानंतर कुणी हसलं नाही. अण्णांनी बामाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि कॉम्प्युटरकडं बघत बसले. घरी त्यांचं कुणी नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. प्रेस साडेनऊला उघडतो, अण्णा साडेआठला पायरीवर असतात. त्यांचं मनगट वाचवायला मी मॅक्रो केला आणि खुर्चीच घालवून बसले. हे मला रात्रंदिवस खात होतं.

*

मॅक्रोचा पहिला प्रताप शेळ्यांच्या प्रदर्शनात झाला.

आयोजकांना प्रत्येक शेळीमागं दोन कार्डं हवी होती. एक मालकाचा पास, एक शेळीचं कार्ड. फोटो ओळीनं लावलेले, एक मालक, एक शेळी, एक मालक, एक शेळी. फक्त सातव्या मालकानं फोटोच दिला नव्हता. मॅक्रो थोडाच विचारणार? त्यानं पुढचा फोटो उचलला, आणि तिथून पुढं सगळ्या मालकांच्या पासावर शेळ्या आणि शेळ्यांच्या कार्डावर मालक!

मी मोठ्या तोऱ्यात गठ्ठा बांधून दिला होता. तासाभरात सगळं प्रदर्शन आमच्या पायरीवर. एक म्हातारबाबा आपला पास लांब धरून बघत होते. पासावर काळाभोर बोकड.

"ताई, फोटू लई भारी आलाय. पर दाढी म्या सकाळीच केलीया की!"

दुसऱ्या कार्डावर लिहिलं होतं, 'नाव: चांदणी. वय: दोन वर्षं. स्वभाव: गरीब.' आणि वर एका मिशीवाल्या गृहस्थाचा फोटो. त्यांची बायको शेजारीच उभी होती.

"नाव चुकलं, वय चुकलं, ते जाऊ द्या. पर स्वभाव गरीब हे कुणी लिवलं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. अण्णा शांतपणे खुर्चीवर सरकले, फोटो एकेक बघून कोण कुणाची शेळी ते सांगत गेले आणि सगळं हातानं जागेवर बसवलं. माणसांबरोबर शेळ्याही त्यांच्या ओळखीच्या निघाल्या! राजाभाऊ काउंटरवरून ते बघत होते.

*

त्यावरून शहाणी होऊन मी मॅक्रोला आणखी अक्कल शिकवली. नाव चौकटीत बसलं नाही तर अक्षर बारीक कर, जागा उरली तर अक्षर मोठं कर. एका सत्कार समारंभाचे बॅज आले होते, त्यांवर हा प्रयोग केला.

त्यात एक पुढारी होते. नावापुढं सहा पदं. आजी, माजी, भावी, सगळी. मॅक्रोनं इमानेइतबारे सगळी पदं चौकटीत कोंबली आणि साहेबांचं नाव मुंगीएवढं झालं. त्याच समारंभात रामा हलगीवाल्याचा सत्कार होता. त्याच्या बॅजवर एवढंच, 'रामा, हलगी.' ती अक्षरं एसटीच्या पाटीएवढी!

साहेब स्वतः प्रेसमध्ये आले. "हलगीवाल्याचं नाव रस्त्यावरनं वाचता येतंय आन् आमचं भिंगातनं? काय चाललंय काय?"

अण्णांनी पट्टी लावून चौकट मोजली. "साहेब, जागा तेवढीच हाय. अक्षर मोठं पायजे असंल तर एखादं पद सोडा."

साहेब बाकावर बसले. पाणी प्यायले. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं आणि दोन पदं काढायला सांगितली. ते गेल्यावर जब्बारभाईंनी कटिंग मशीन बंद केलं आणि माझ्याकडं आले.

"ताई, खुद होके पद छोडनेवाला मैं पैली बार देखा!"

*

आता जरा वेगळा किस्सा.

दोनेक महिने मॅक्रो सुरळीत चालला. मग एके दिवशी समोरच्या टपरीवाल्या शांताबाई आल्या. "माजी चहाची कुपनं झाली का?" मी वही बघितली. ऑर्डर नाही. त्यांच्यामागं रामा. "माजी कार्डं संपली ताई, लग्नसराई तोंडावर हाय." त्याचीही ऑर्डर नाही. मग पंक्चरवाल्याची मुलगी, बापाची कार्डं आणि आपल्या वह्यांवर चिकटवायची नावाची लेबलं मागायला.

मी म्हटलं, "अहो, पण ऑर्डर कुणाकडं दिलीत?"

शांताबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "आर्डर कशाची? अण्णा देत्यात की!"

खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं. अण्णा बाहेरची कामं घेतात की काय! तेवढ्यात जब्बारभाईंनी मशीनखालून मिठाईचा एक जुना डबा काढला आणि माझ्यापुढं उघडून धरला. रिकामा.

"दो महिने से खाली हय ताई. तुम्हारे बटन ने सबका पत्ता काट दिया."

मग उलगडा झाला. तीनशे वीस कार्डं, कागदावर बारा. शेवटच्या कागदावर आठच येतात, चार जागा कोऱ्या राहतात. अण्णा त्या कधी कोऱ्या जाऊ देत नसत. एकात शांताबाईंची कुपनं, एकात रामाचं कार्ड, एकात कुणाच्या तरी लेकराचं नाव. जब्बारभाई ती कापून डब्यात ठेवत. बरीच वर्षं हे असंच चाललेलं. माझा मॅक्रो मात्र त्या जागा कोऱ्याच सोडत होता आणि कापल्यावर मी ते तुकडे कचऱ्यात टाकत होते.

अण्णा चोरी पकडल्यासारखे उभे होते. "कोरा कापून फेकायचाच हुता. म्या नाव घालून फेकला, एवढंच." मग हळूच म्हणाले, "मालकांस्नी सांगू नगंस. दिवाळीपतूर तरी."

*

त्या आठवड्यात मी अण्णांच्या जुन्या फायली उघडून बसले. प्रत्येक कामाचा शेवटचा कागद तेवढा बघत होते. खव्याच्या लेबलांच्या एका जुन्या फायलीत, उजव्या कोपऱ्यात, एक छोटी चौकट दिसली.

'कु. मनीषा. इयत्ता सहावी ब. विषय: गणित.'

माझे वडील तेव्हा प्रेसच्या शेजारी सायकली दुरुस्त करायचे. सहावीत त्यांनी मला छापील लेबलं आणून दिली होती. अख्ख्या वर्गात छापील नाव फक्त माझं! मुली विचारायच्या, कुठून आणलीस? मी मान ताठ करून सांगायची, माझ्या बाबांनी छापून आणली. वर्षभर त्या तोऱ्यात मी पहिल्या बाकावर बसले.

मला रडू आलं. तसंच अण्णांना बोलावून स्क्रीन दाखवली. त्यांनी भिंग लावलं, वाकून बघितलं.

"कडंला मार्जिन कमी पडलंय. तवा कॉम्प्युटरवर हात नवा हुता माजा."

बास, एवढंच! आणि जाऊन आपल्या जागेवर बसले.

त्याच दिवशी मी मॅक्रो बदलला. शांताबाई, रामा, पंक्चरवाला, शाळेची मुलं, सगळ्यांची चौकट तयार करून एका यादीत ठेवली. आता मॅक्रो शेवटच्या कागदापाशी आला की थांबतो, आणि स्क्रीनवर पाटी येते: 'इतक्या जागा रिकाम्या आहेत. अण्णांना विचारा.' उत्तर दिल्याशिवाय पुढं जातच नाही. डबा पुन्हा भरायला लागला. राजाभाऊंना मात्र कुणी काही सांगितलं नाही.

*

दिवाळीच्या आधीचा रविवार. प्रेस बंद. बचत गटाच्या बायकांना फराळाच्या डब्यांवर गिऱ्हाइकांची नावं घातलेली लेबलं तातडीनं हवी होती. राजाभाऊ एकटेच प्रेसमध्ये गेले. बटणाचं काम तर आहे, मीच करतो म्हणाले असणार. अण्णांशिवाय चालतंय का तेही बघायचं असेल. दुपारी माझा फोन वाजला.

"मनीषा, कॉम्प्युटर अडून बसलाय. जागा पाच म्हणतोय, आन् अण्णांना विचारा म्हणतोय. ह्याला अण्णा कसं काय म्हाईत?"

लपवून काय उपयोग! मी सगळं सांगून टाकलं. शांताबाई, रामा, डबा, माझं सहावीचं लेबल, सगळं. राजाभाऊ फक्त "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. आपल्या तोंडानं आपण अण्णांना घालवलं, असं वाटून त्या दिवशी मला घास गेला नाही.

सोमवारी अण्णा नेहमीसारखे आले. हातात रिकामी कापडी पिशवी होती. भिंग, पट्टी, बामाची बाटली, घरी न्यायला त्यांचं तेवढंच सामान. मला त्या पिशवीकडं बघवेना.

त्यांच्या टेबलावर एक छापील कागद ठेवलेला होता. फराळाच्या लेबलांचा शेवटचा कागद. सात लेबलं आणि पाच चौकटी. शांताबाईंची कुपनं होती, रामाचं कार्ड होतं, पंक्चरवाला होता, एका मुलीचं लेबल होतं. पाचवी चौकट यादीतली नव्हती. ती जरा तिरकी बसलेली, अक्षरं एक लहान, एक मोठं, नवख्या हातानं टाईप केलेली.

'वसंतअण्णा. आमच्याकडं रिकाम्या जागा भरून मिळतील.'

खाली प्रेसचा पत्ता.

राजाभाऊ काउंटरवर मान खाली घालून रबरबँडचा गुंता सोडवत होते. जब्बारभाईंनी मशीन चालूच केलं नव्हतं. अण्णांनी पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली, भिंग काढलं आणि ती चौकट पुन्हा पुन्हा वाचली.

"मालक, हे कुणी बसवलं?"

"का?"

"कडंला मार्जिनच सोडलं न्हाय. जब्बारनं ब्लेड टाकलं की माजं अर्धं नाव जातंय."

राजाभाऊंनी मान वर केली नाही.

"मग घ्या की नीट करून. आज न्हाय जमलं तर दिवाळीनंतर करा!"