धुण्याचा दगड आणि अंबाड्याचा वीर

गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात मी आठ वर्षं शिक्षिका होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळेला पन्नास वर्षं होत होती, म्हणून स्मरणिकेत गावाचा इतिहास हवा असं हेडमास्तरांनी ठरवलं. ठरवलं त्यांनी, लिहायचं मी.

इतिहास म्हणजे दोन आळ्यांचं भांडण होतं. वरच्या आळीचं म्हणणं, घाटाखालून गुरं घेऊन सगळ्यात आधी आला तो आमचा मूळपुरुष. खालच्या आळीचं म्हणणं, आला खरा, पण आल्यावर ताक कुणाच्या घरात प्याला ते विचारा. पुरावा दोघांकडंही नव्हता. मी दोन्ही लिहून घेतलं आणि गावात जुन्या खुणा शोधत फिरले. बुजलेली विहीर सापडली, देवळामागचा चौथरा सापडला. सगळ्यात मोठी खूण मात्र मी दर रविवारी वापरत होते आणि मला पत्ता नव्हता.

ती खूण म्हणजे नदीवरचा धुण्याचा दगड. माणूस आडवा झोपेल एवढा लांब, वरून घासून गुळगुळीत झालेला. अख्खी गोधडी पसरून आपटता येईल असा घाटावर तेवढा एकच. त्याच्या उशाची जागा खालच्या आळीतल्या सत्तरीच्या एका आक्कांची. बाकीच्यांचे नंबर त्या लावायच्या आणि त्यावर अपील नव्हतं.

त्या वर्षी पुराच्या पाण्यानं दगडाखालची माती गेली आणि तो एका अंगावर कलंडला. सरळ करायला आम्ही पाचसहा जणींनी पहार घातली. मी खालून हात लावला तर बोटांना नक्षी लागली. दगड उभा करून घासणीनं चिखल काढला. खाली तलवार घेतलेला माणूस आणि त्याच्यामागं गाई. मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन चाललेल्या अप्सरा. सगळ्यात वर पिंडीची पूजा आणि चंद्रसूर्य. असे वीरगळ मी कोल्हापूरच्या संग्रहालयात पाहिले होते. गाई वाचवताना मेलेल्या माणसाची ती आठवण असते, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बघून झालं न्हवं बाई? मग घाला पालथा. धुणं खोळंबलंय."

ऐकायला हवं होतं. मी हेडमास्तरांना सांगितलं, त्यांनी सरपंचांना, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून दगड देवळासमोर नेला. हळदकुंकू झालं, नारळ फुटले. मग हा मूळपुरुष कुणाचा यावर दोन्ही आळ्यांची जुंपली. वरच्या आळीच्या एका म्हाताऱ्यांना वीराचं नाक आपल्या आजोबांसारखं वाटलं. तेवढ्यात कुणीतरी वीराच्या डोक्यामागं बोट दाखवलं. तिथं चांगला मोठा अंबाडा होता. पुरुष तेव्हा केस वाढवून बांधायचे, हे मी परोपरीनं समजावलं. उपयोग शून्य. आमच्यात कुणी अंबाडा घालत न्हाई, असं म्हणत दोन्ही आळ्या अर्ध्या तासात मागं सरल्या. सकाळी दोघांना हवा असलेला वीर दुपारी बेवारस झाला. स्मरणिकेत मी लिहिलं, नाव माहीत नाही, आळी माहीत नाही. दोन्हीकडची माणसं सारखीच नाराज झाली, म्हणजे बरोबर लिहिलं असणार.

पण नवरात्र दहा दिवसांवर आलं होतं. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवावी लागते आणि गोधड्या धुतल्याशिवाय घट बसत नाहीत. घाटावर आता गोधडीजोगा दगड नव्हता. आक्का दोन दिवस थांबल्या. तिसऱ्या दिवशी डोक्यावर ओली गोधडी घेऊन थेट देवळात आल्या, मागं दोन्ही आळ्यांच्या बायका बोचकी घेऊन. सरपंचांनी त्यांना वीराचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. ह्यानं गावाच्या गुरांसाठी जीव दिला वगैरे.

आक्का म्हणाल्या, "त्यो गुरांसाठी मेला. आन् मी काय ह्या गावच्या गोधड्यांसाठी मरू व्हय? माझा दगुड द्या, न्हाईतर ह्येच्या म्होरंच आपटती."

सरपंच घाबरले ते मागच्या बोचक्यांना. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या ओट्यातून उरलेली कडाप्पाची फरशी घाटावर टाकली. काळीभोर, आरशासारखी. साबण लावलेली पहिलीच गोधडी तिच्यावरून घसरली आणि नदीत गेली. ती काढायला दोन बाप्ये कमरेएवढ्या पाण्यात उतरले. गोधडी सरपंचांच्याच घरची होती, त्यामुळं पुढचं काम लवकर झालं.

रस्त्याच्या कामावर एक पाथरवट होता, त्याला बोलावलं. काळ्या दगडाची एक लांबलचक शिळा त्यानं तीन दिवस टाकीनं घडवली आणि तिन्ही दिवस आक्का शेजारी बसून होत्या. फरशीसारखी गुळगुळीत नको, खरखरीतही नको. पालथा हात फिरवून त्या जागा दाखवायच्या, "हितं अजून टोचतंय, सुताचा टाका तुटंल." तो बिचारा म्हणाला, मूर्तीला एवढं बघत न्हाईत. आक्का म्हणाल्या, मूर्तीवर गोधडी आपटत न्हाईत.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी शिळा घाटावर बसली. आक्कांनी आपली गोधडी चार वेळा आपटली, उलटी करून टाके पाहिले आणि मान हलवली. मग नंबर लागले. एका दिवसात दोन्ही आळ्यांच्या गोधड्या उरकल्या, सगळं वाळवण काठावरच्या कुंपणांवर. माझा नंबर आक्कांनी सगळ्यात शेवटी लावला. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "दगुड कुणी उलथला?"

माझी गोधडी पिळून होईस्तोवर सूर्य मावळला होता. ती मी शाळेच्या व्हरांड्यात टाकली. वाळायला पुढचे दोन दिवस लागले.