धर्मीनं घेतलेला आळ

दीड महिना झाला. मी खाडीच्या पलीकडे, दिघीला जाळं शिवत बसलो होतो. आगरदांड्याची होडी किनाऱ्याला लागायच्या आतच तरीवाला ओरडला, “नाना, चला. धर्मीवयनी गेली.” सकाळी नुसती खोकत होती. मी निघताना म्हणाली, “लवकर या.” मी म्हटलं, “बघू.” ...तेच शेवटचं बोलणं.

धर्मी माझी बायको. मी तिसरीपर्यंत शिकलो, लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट तोंडानं सांगवत नाही म्हणून लिहितो. धक्क्यावरचे गडी अजून म्हणतात, धर्मीनं दरबारची आगबोट बुडवली. पाण्यात नव्हे, तिच्यामुळं बोट विकली गेली, खलाशांचा पगार गेला, असं. हे खोटं आहे.

ती बोट विलायतेहून आली तेव्हा मी तिच्यावर खलाशी लागलो. पांढरीशुभ्र, मधोमध पिवळं धुराडं, पितळेत तोंड दिसावं अशी. नबाबसाहेब आणि त्यांचे पाहुणे तिच्यातून मुंबईला जात. पावसाळ्यात ती खाडीत बांधून वर माडाच्या पानांचे झाप टाकत आणि राखणीला मी एकटा. एका वर्षी सारंग, म्हणजे बोटीवरचा आमचा मुख्य, गावी गेलेला. उन्हाळ्यात डेकचं सागवान भेगाळलं होतं. आपल्या होड्यांना आपण मुशी माशाच्या काळजाचं तेल चोपडतो, कीड लागत नाही. मी धर्मीला म्हटलं, घरातलं तेल आण.

“अवो, कुनाला इचारा तरी. राजाची बोट हाय.”

“लाकूड ते लाकूड. राजाचं काय नि कोळ्याचं काय!”

तीन दिवस दोघांनी गुडघ्यावर बसून तेल जिरवलं. मोठं काम केलं असं वाटलं मला.

पावसाळा सरला. पहिल्याच फेरीला पाहुणे चढले आणि उन्हानं डेक तापून तेलाचा वास सुटला. त्या वासाला आम्ही कोळी नाक मुरडत नाही. पांढऱ्या कपड्यातल्या मडमा मात्र किल्ल्याशी पोचायच्या आत ओकल्या. बसल्या जागी कपड्यांना काळे डाग. बोट माघारी फिरली. धक्क्यावर सारंगानं सगळ्यांदेखत विचारलं, “कुणाचं काम हे?” मी दोर गुंडाळायला लागलो. टोपली घेऊन उभी असलेली धर्मी पुढं झाली. “माजं. हे तापानं पडलेले, यांना ठावंबी न्हाय.” सारंग म्हणाला, “बाई, परत धक्क्यावर दिसू नकोस.” मी पायाकडे बघत राहिलो. घरी आल्यावर तीच म्हणाली, “जेवा आता. तोंड काय पाडलंय? मला कोन पगार देत व्हतं?”

सुतारांनी डेक रंध्यानं तासलं, सोड्यानं धुतलं. वास काही पुरता गेला नाही. पण बोट त्यानं गेली नाही. कोळसा महागला, दरबारात मोटारी आल्या, बोट नुसती बांधून गंजत राहिली आणि शेवटी मुंबईच्या भंगारवाल्यानं ओढत नेली. बोलायला मात्र लोकांना धर्मी सोपी होती. “तेलवाली” म्हणायचे. ती हसायची. मी? मीही हसायचो.

तिच्या बाराव्याला पुन्हा कोणीतरी तेच काढलं. मी उठून मागच्या अंगणात गेलो. तिथं शेजारची गोमी भांडी घासत होती. म्हटलं, “गोमे, तेल मीच लावायला लावलं होतं.” तिचा हात थांबला नाही. “ठावं हाय, भावजी. तिनं तवाच सांगितलान आमा बायकांना. वर शपथ घातलान, माज्या घोवाला कदी बोलून दावू नका.”

म्हणजे मी इतकी वर्षं लपवत होतो आणि कोळीवाड्यातल्या सगळ्या बायका... एकीनंही मला कधी टोमणा मारला नाही. तेलवाली म्हणायचे ते गडीच. हे आत्ता ध्यानात येतं. त्या गड्यांसाठी हे छापायला दिलं आहे.

बायका बाजाराला जाताना माझ्या दारावरून जातात. “भावजी, जेवलाव का?” विचारतात, ओट्यावर कालवणाची वाटी ठेवतात. बाकी काही बोलत नाहीत. शपथ अजून पाळतायत. मी वाटी घेतो, वर बघत नाही.