सर्व कामांस योग्य गृहस्थ पाहिजे

देव भक्ताला हाक मारतो तेव्हा काय हवे ते स्वच्छ सांगतो. कोणाकडे तुळशीचे पान मागतो, कोणाकडे मूठभर पोहे. माणूस मात्र माणसाला बोलावतो आणि ऐन मुद्द्यावर तोंडात मिठाची गुळणी धरतो. उंब्रजच्या कृष्णाताला त्या गुळणीने कसे पोळले, ते ऐका.

कृष्णात सहा वर्षे फौजेत होता. बंदुकीचे काम त्याचे नव्हते, जखमी उचलण्याचे होते. इटलीच्या डोंगरांतून, गुडघाभर चिखलातून, वरून आग बरसत असताना त्याने माणसे स्ट्रेचरवर वाहून आणली. जात विचारली नाही, मुलूख विचारला नाही. कण्हणे कानी आले की पाय तिकडे वळले. सन शेहेचाळीसात तो घरी आला, तेव्हा जमीन थोडी आणि भाऊ तिघे. थोरल्या दोघांच्या हातांतच ती कसून पुरी होई. आई मनुबाई म्हणाली, “बाबा, तू नोकरी बग.”

अशात वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: ‘सांगलीतील एका धर्मादाय संस्थेस सर्व कामांस योग्य, सद्वर्तनी गृहस्थ पाहिजे. गुण पाहून विचार होईल.’ काम कोणते, याबद्दल एक अक्षर नाही.

कृष्णाताला लिहिता येत होते. पण आपल्या हातचा अर्ज कोणी वाचत नाही, त्याला जाणत्याचे अक्षर लागते, हा त्याच्या गावचा पक्का समज. म्हणून तो साताऱ्याला गेला. तिथे कचेरीसमोर लिंबाखाली अनंतराव लोकांचे अर्ज लिहीत बसत.

“आवं अनंतराव, काम कंचं हाय त्येच कळंना.”

“कळायचं नसतं, हवालदार. ओळखायचं असतं.”

“हवालदार न्हाई, साधा शिपाई.”

“बरं, शिपाई. धर्मादाय संस्था आहे. म्हणजे सोवळी माणसं. रोज स्नान करतोस?”

“करतो की. इटलीत बर्फातबी केलं.”

“इटली काढायची नाही.” अनंतरावांनी टाक दौतीत बुडवला. “रक्त, प्रेतं, परमुलूख. वाचता वाचता उठून आंघोळीला जातील ती. तू सहा वर्षं घरी मातृसेवा केलीस, एकादशी पाळलीस, पोथी वाचलीस.”

“सा वर्सं आयनं माजं तोंड बगितलं न्हाई. आन् म्या मातृसेवा केली?”

“अर्ज तुझी आई वाचणार आहे का?”

फौजेतून सुटताना मिळालेले डिस्चार्जचे पुस्तक खिशातच राहिले. त्यात साहेबाचा शेरा होता, ‘वर्तन उत्कृष्ट’. कृष्णाताने अर्जावर सही केली.

बोलावणे आले. सांगलीत संस्थेचे व्यवस्थापक दादासो अर्ज पुढे घेऊन बसले होते.

“पोथी वाचता, ठीक. पण आजारी माणूस कधी उचललाय? संस्था दवाखाना काढते आहे. जखम बघून न डगमगणारा माणूस हवा आम्हाला.”

कृष्णाताने खिशातले पुस्तक काढून टेबलावर ठेवले.

दादासोंनी पाने उलटली, अर्जातली वर्षे ताडून पाहिली. “म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत.”

“व्हय. लिवलं.”

“खोट्या माणसाच्या हाती रुग्ण कसे द्यायचे?”

“त्यो माजा गुन्हा, कबूल हाय. पर दादासो, ‘आजारी मानूस उचलायचा’ येवढं तुमी छापलं असतं, तर म्या पोथी वाचली म्हून कशाला लिवलं असतं?”

“काम आधी सांगितलं की सगळेच तसं लिहून आणतात. आम्ही माणूस पारखतो.”

पारखतात म्हणे. अंधाऱ्या खोलीत माणूस ढकलायचा, दिवा आपल्या मुठीत ठेवायचा आणि तो ठेचकाळला की म्हणायचे, याला चालता येत नाही. ही कसली पारख, सज्जनहो? पोटासाठी आलेल्या माणसाला आधी खोटे बोलायला लावायचे आणि मग त्याच खोट्यासाठी दारातून परत पाठवायचे. ज्याने मरणाच्या तोंडातून शेकडो लेकरे त्यांच्या आयांना परत दिली, त्याला सद्वर्तनाचा धडा कोणी द्यावा? ज्यांना चार ओळींत पाचवी ओळ घालता आली नाही, त्यांनी.

दादासोंनी अर्ज बाजूला सारला. कृष्णात बाहेर ओसरीवर आला. तिथल्या फळीवर तीच जाहिरात चिकटवलेली होती. त्याने ओसरीवर बसलेल्या कारकुनाचा टाक उचलला.

“अहो, काय करताय?”

“ऱ्हायलेलं लिवतोय.”

जाहिरातीखाली त्याने आपल्या हाताने लिहिले: ‘काम आजारी माणसे उचलण्याचे आहे. ज्याने केले असेल त्याने तसेच लिहावे.’ अक्षर वाकडे होते. कारकून उठला, त्याने आतल्या दाराकडे पाहिले आणि पुन्हा खाली बसला. कागदाला त्याने हात लावला नाही.

तेवढ्यात दोन उमेदवार पायऱ्या चढून आले. दोघेही फळीपुढे थांबले आणि कृष्णाताचे अक्षर शेवटच्या शब्दापर्यंत वाचत उभे राहिले.