डाव्या पायाची चप्पल

लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास दवाखान्यातच थांबवायचं असतं. काही त्रास झालाच तर आम्ही समोर असतो, एवढं साधं कारण. पण छावणीतल्या आमच्या छोट्या दवाखान्यात हे कुणाला पटेल तर शपथ! मी तिथली लसीकरणाची नर्स. सुरुवातीला मी लसीचं कार्ड अडकवून ठेवायचे, तर लोक कार्ड सोडून पसार. मग मी चपलांवर आले. सोबतच्या मोठ्या माणसाची डावी चप्पल माझ्या टेबलाखालच्या क्रेटमध्ये, अर्धा तास झाला की परत. डॉक्टर हसायचे. हसू देत.

एका गुरुवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, एक आजी सुनेला आणि दीड महिन्याच्या नातवाला घेऊन आल्या. बाजारातलं त्यांचं मेथी-शेपूचं दुकान शेजारणीच्या भरवशावर होतं. लस टोचून झाल्यावर मी चप्पल मागितली, तशा भडकल्याच.

"म्हातारीची चप्पल धरती व्हय? लाज नाय वाटत?"

"नाही वाटत," मी म्हणाले.

चप्पल मिळाली, पण भिरकावून.

दहा मिनिटंही झाली नसतील. बाळ रडून लालबुंद, आणि आजींचा सुनेमागं धोशा, "पाज लवकर, गप व्हईल, जाऊ." बिचारीनं रडत होतं तसंच पदराखाली घेतलं. जोराचा ठसका लागला आणि रडणं एकदम बंद झालं. वळून पाहिलं तर बाळाचे ओठ निळे.

मी त्याला हातावर उपडं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीत थापा मारल्या. चौथ्या थापेला नाकातोंडातून दूध आलं आणि पठ्ठ्यानं टाहो फोडला. मलाही रडू फुटलं, इतकी घाबरले होते. डॉक्टरांनी तपासलं, तासभर ठेवून घेतलं. सगळं ठीक होतं. ठसका दुधाचा होता, लसीचा नव्हे. रडतं बाळ आधी शांत करायचं, मग डोकं उंच धरून पाजायचं, असं मी परोपरीनं सांगितलं. सून मान डोलवत होती.

"सुई टोचली अन् लेकरू निळं पडलं," आजी म्हणाल्या. "मला डोळे हायत. पुन्हा पाय ठेवणार नाय इथं."

आणि बाळाला उराशी धरून तरातरा निघून गेल्या. एका चपलेवर.

दुसरी महिनाभर माझ्या क्रेटमध्ये पडून होती. चार आठवड्यांनी पुढचा डोस होता. वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना त्यांच्या घरी धाडलं, तर आजींनी दार लावून घेतलं. अर्धा तास थांबवलं म्हणून बाळ वाचलं होतं, आणि त्याच अर्ध्या तासापायी ते आता पुढच्या डोसाविना डांग्या खोकल्यापुढं उघडं पडणार होतं. मला स्वतःचाच राग यायचा.

पाचव्या गुरुवारी रांगेत कुणीतरी माझ्यासमोर उजवी चप्पल टाकली. वर बघितलं तर आजी, अनवाणी. मागं सून, तिच्या कुशीत गुटगुटीत नातू.

"परवा घरी पुन्हा ठसका लागला याला," आजी म्हणाल्या. "सुनंनं तुझ्यावानी उपडं घेतलं, थापा दिल्या. आलं ताळ्यावर." मग आवाज उतरला. "परवा कुठं सुई टोचली व्हती त्याला?"

मी लस काढायला वळले.

"दोन्ही ठेव आता," त्या बाकावर बसत म्हणाल्या. "दुकान मांडलंच नाय आज."